इराचे गुरुवार

लतिकाबाईंनी वजनकाटा दोन बोटांत धरून उचलला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि ओट्याच्या पार टोकाला खरकट्या भांड्यांजवळ नेऊन ठेवला. काचेचा, चपटा, पोळीएवढाच काटा. वरच्या मजल्यावरच्या यशश्रीनं तो लेकीच्या दप्तरातून पाठवला होता, आणि सोबत एक चिठ्ठी. पोळी तीस ग्रॅमची, एकच. भात नको. बटाटा नको. ताक लोणी काढून. शेवटी ‘थँक्यू काकू’ आणि एक हसरा चेहरा.

“त्याला सपाट जागा लागते, आजी,” इरा म्हणाली. “नाहीतर आकडा चुकतो.”

“चुकू दे.”

लतिकाबाईंचा आवाज कधी चढत नसे. राग आला की त्या उलट जास्तच हळू बोलत आणि समोरच्याला कान पुढे करावा लागे. त्यांनी तव्यावरची पोळी फुगू दिली, तूप लावलं, चौघडी घातली आणि इराच्या ताटात वाढली. इरानं पोळीकडे पाहिलं, मग काट्याकडे. पोळीची कड मोडून तिनं बाजूला ठेवली. थोडा विचार करून आणखी एक तुकडा मोडला, तोही बाजूला ठेवला. ती अंदाजानं तीस ग्रॅम करत होती.

इरा साडेदहा वर्षांची. आई बँकेत, बाबा अंबडच्या कारखान्यात. त्यामुळे गेली चार वर्षं शाळा सुटली की ती पंचवटीतल्या या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लतिकाबाईंकडे येई आणि संध्याकाळी सातला चौथ्या मजल्यावर आपल्या घरी जाई. लतिकाबाईंचा मुलगा आल्हाद नोकरीला बंगळूरला. घरात त्या आणि त्यांचे पती यज्ञेश्वर गुरुजी, आणि गुरुजींची सकाळ सगळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंना संकल्प सांगण्यात जायची. रिकाम्या घरात ही पोर आली आणि लतिकाबाईंच्या हाताला पुन्हा काम लागलं. इरा खायची तेही पाहण्यासारखं. फोडणी बसली की तिचं नाक आधी स्वयंपाकघरात यायचं, मागून ती. वरणात लिंबू पिळताना डोळा मिटायची.

हे सगळं जूनमध्ये थांबलं. गणवेश घ्यायला आई तिला मेन रोडवर घेऊन गेली होती. दुकानदारानं टेप तिच्या कमरेभोवती फिरवली आणि वरच्या फळीवरच्या माणसाला ओरडून सांगितलं, पाचवीचा नको, आठवीचा काढ. दुकानात गर्दी होती. तिथे इराच्या वर्गातल्या दोन मुली होत्या. एवढंच. पण त्या संध्याकाळी यशश्रीनं घरातली साखर कामवालीला देऊन टाकली.

यशश्रीबद्दल लतिकाबाईंचं मत जुनंच होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं चौदा किलो वजन उतरवलं होतं आणि तेव्हापासून ती त्याबद्दल, दुसऱ्या बायका काशीयात्रेबद्दल बोलतात तशी बोलत असे. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये शेजारी शेजारी होते. एकदा तिनं ते यज्ञेश्वर गुरुजींनाही दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही नीट पाहिले आणि काळजीनं विचारलं, “या दुसऱ्या बाई आजारी आहेत का?” लतिकाबाईंना त्या दिवशी देवासमोर बसल्यावरही हसू आवरलं नव्हतं. त्यांच्या लेखी यशश्री म्हणजे पोटाची पूजा मांडून बसलेली बाई. फरक इतकाच की नैवेद्य दाखवत नव्हती.

आणि आता तिनं पूर्णब्रह्माला काट्यावर बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी लतिकाबाईंनी काटा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. चिठ्ठी फाडली नाही. तिच्यावर देव्हाऱ्यातल्या वातींचं काजळ पुसलं.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी इरानं विचारलं, “तुम्ही गुरुवारी काहीच का खात नाही?”

तिला ते आधीपासून दिसत होतं, पण कधी विचारलं नव्हतं. लतिकाबाईंनी हातातली जपमाळ गोमुखीत ठेवली आणि सांगितलं. आल्हाद दोन वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला. तीन दिवस तो डोळे उघडत नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी महाराजांना शब्द दिला, हा उठला तर जन्मभर गुरुवारी अन्नाला शिवणार नाही. चौथ्या दिवशी तो उठून पाणी मागायला लागला. त्याला एकतीस वर्षं झाली. दिवसभर पाणी आणि दिवेलागणीला कपभर दूध. माहेरी, सासरी, लग्नात, प्रवासात, एकही गुरुवार चुकला नाही.

“भूक नाही लागत?”

“लागते. पण भुकेपेक्षा मन मोठं असतं.”

इरा हे बराच वेळ मनात घोळवत बसली. गुरुवारी संध्याकाळी भजनाला बायका येत आणि निघताना लतिकाबाईंच्या पाया पडत. लतिकाबाई संकोचानं पाय मागे घेत, पण फार मागे नाही. इरा हे दारात उभी राहून पाहत असे.

पुढच्या बुधवारी ती म्हणाली, “मी पण गुरुवार धरू?”

लतिकाबाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. आई काट्यावर अन्न ठेवते आणि लेक देवाला मागते, हे त्यांना फार गोड वाटलं. यशश्रीला न बोलता दिलेलं इतकं नेमकं उत्तर त्यांना सुचलं नसतं. त्यांनी तिला सोपं करून सांगितलं: दुपारी जेवायचं नाही, चारला केळ आणि दूध, संध्याकाळी आरती झाली की घरी जाऊन आईकडे जेवायचं. तिच्या हातून पिवळं फूल वाहिलं, पळीभर पाणी सोडायला लावलं. आणि गंभीरपणे बजावलंही, की व्रत घेतलं की मध्येच टाकायचं नसतं. सोडायचंच तर उद्यापन करून, जेवू घालून सोडायचं.

“आईला सांगायचं?”

“तिला कशाला. तिला काय कळणार त्यातलं.”

श्रावण आला तसा इराचा नेम वाढत गेला. गुरुवारला सोमवार जोडला, मग शनिवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती चतुर्थ्या आणि एकादश्या हुडकून पेन्सिलीनं गोल करी. एका दुपारी तिनं प्रदोष म्हणजे काय, असं विचारलं तेव्हा गुरुजींनी कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. लतिकाबाई भजनाच्या बायकांना सांगत, आमच्या इराला आतूनच ओढ आहे. बायका इराच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत. त्यातली विमलाबाई, जी स्वतः दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी वर दही घालून खाई आणि त्याला कडक उपास म्हणे, ती एकदा म्हणाली, “आणि बाई, कशी छान बारीक झाली. देवाची कृपा दोन्हीकडून.” बायका हसल्या. लतिकाबाईंना विमलाबाईचं बोलणं नेहमीसारखंच हलकं वाटलं, पण त्या हसल्या. इरा हसली नाही. तिनं फ्रॉकचा पट्टा घट्ट केला.

नवसाबाई सोमवारी आणि गुरुवारी पाटी घेऊन येई. मखमलाबादला तिचा दीड एकर मळा. मेथी, कोथिंबीर, वांगी आणि देवाला झेंडू-शेवंती. बारा वर्षांची ओळख, त्यामुळे ती दारात न थांबता सरळ आत येऊन पंख्याखाली बसे. भाद्रपदातल्या एका सोमवारी फुलं मोजता मोजता तिनं इराकडे पाहिलं.

“पोरगी लय वाळली, काकू.”

“उपास असतात तिचे. स्वतःहून करते.”

“येवढीशी? कशापायी?”

लतिकाबाईंनी सांगितलं की मनात श्रद्धा असली की वय बघत नाही. नवसाबाईनं ओठ मुडपले. ती म्हणाली, आमच्या रोपालाबी आळं बांधल्याबिगर आम्ही देवाचं नाव घेत नाय. आणि मग जरा वेळानं, फुलांची पुडी बांधताना, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली की देवाला पोरीचं जेवण घेऊन करायचंय काय, त्याला काय कमी पडलंय. लतिकाबाई पुडी घेऊन आत गेल्या. शेतातल्या बाईला व्रताचं काय सांगायचं, असं त्यांच्या चालण्यात होतं. बाहेर येऊन त्यांनी त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास दारावर थाप पडली. बेल नव्हे, पायाची थाप. लतिकाबाईंनी दार उघडलं तर नवसाबाई उभी होती. पाटी डोक्यावर नव्हती. दोन्ही हातांवर इरा होती, दप्तरासकट, डोकं नवसाबाईच्या खांद्यावर टाकून. ओठ पांढरे पडलेले.

“ही घ्या तुमची देवी,” नवसाबाई म्हणाली. “पहिल्या मजल्याच्या जिन्यात पडली व्हती. माझ्या पाटीपरीस हलकी हाय.”

दोघींनी तिला दिवाणावर निजवलं. लतिकाबाईंनी साखरेचं पाणी आणलं. इरानं डोळे उघडले, पेल्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. “गुरुवार आहे,” ती म्हणाली.

नवसाबाईनं पेला लतिकाबाईंच्या हातातून काढून घेतला, पोरीची मान हातावर घेतली आणि वासराला पाजतात तसं घोट घोट करून पाजलं. लतिकाबाई उभ्याच राहिल्या.

बँकेतून निघून यशश्री अर्ध्या तासात आली. तोवर इराला झोप लागली होती. यशश्रीनं लेकीच्या कपाळाला हात लावला, मनगट धरलं. बाही वर सरकवली आणि तो हात पाहतच राहिली. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. नवसाबाई जिन्यात सांडलेली भाजी भरून परत आली होती, ती उंबऱ्याशी बसली.

“आज जेवली नाही का ती इथे?” यशश्रीनं विचारलं.

“तिचा उपास असतो.”

“कधी?”

लतिकाबाईंनी वार सांगितले. मग तिथी सांगितल्या. सांगता सांगता त्यांचाच आवाज त्यांना ऐकू येईना. उरलेल्या दिवशी इरा म्हणायची, आईनं आज शाळेत मोठा डबा दिला होता, पोट भरलंय.

“मी डबा देतच नाही,” यशश्री म्हणाली. “तुमच्याकडे गरम जेवते म्हणून. आणि रात्री मला सांगते, आजींनी दुपारी खूप आग्रह केला, आता फक्त सूप दे. मी फक्त सूप देत होते. मला बरं वाटत होतं. वजन उतरतंय म्हणून.”

लतिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या की मुलांना जेवायला काटा लावल्यावर दुसरं काय होणार. यशश्री तो आवाज ओळखून होती. चार वर्षं तिनं तो ऐकला होता आणि त्यातली धार तिला प्रत्येक वेळी लागली होती.

“मी निदान मोजून तरी देत होते, काकू,” ती म्हणाली.

उंबऱ्यावरून नवसाबाई उठली. पाटी डोक्यावर घेताना तिनं दोघींकडे एकदा पाहिलं, बाजारात कुजका माल पाहावा तसं.

“वर एक सुगरण, खाली एक सुगरण,” ती म्हणाली, “अन् पोर मधल्या जिन्यात उपाशी.”

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितलं, गोळ्या दिल्या. पण बोलल्या त्या वेगळंच. घरातला काटा काढा, तिच्यासमोर कुणाच्याही वजनाबद्दल बोलू नका, तिच्याही नाही, स्वतःच्याही नाही. ताटात किती गेलं, किती उरलं, यावर न रागावायचं, न शाबासकी द्यायची. वेगळं काही करू नका. घरात जे शिजतं ते तिच्याबरोबर बसून खा. खाताना ती तुमच्याकडे बघत असते. आणि दर मंगळवारी एका समुपदेशक बाईंकडे न्यायचं. हे सगळं यशश्रीनं येऊन लतिकाबाईंना दारातच उभं राहून सांगितलं, कोरडेपणानं, घरमालकाला निरोप द्यावा तसं. इराला दुसरीकडे ठेवायचा तिनं विचार केला होता. पण इरा दुसरीकडे जायला तयार नव्हती.

“एवढं कराल ना?” तिनं विचारलं. त्यात विनंती नव्हती.

पुढचा गुरुवार उजाडला. लतिकाबाईंनी वरण-भात केला, काकडीची कोशिंबीर केली आणि इराचं ताट मांडलं. स्वतः समोर बसल्या, हात मांडीवर ठेवून.

इरानं ताटाला हात लावला नाही.

“मी सोडवते तुला त्यातून,” लतिकाबाई म्हणाल्या. “मीच दिलं होतं ना. महाराज काही म्हणणार नाहीत.”

“उद्यापन केल्याशिवाय सुटत नाही. तुम्हीच म्हणालात.”

“मग करू उद्यापन. तुझं.”

“आणि तुमचं?”

लतिकाबाई म्हणाल्या की त्यांचं वेगळं आहे. त्यांनी दुसऱ्याच्या जिवासाठी धरलेलं आहे, ते असं सोडता येत नाही.

“माझं पण तसंच आहे,” इरा म्हणाली. तिनं पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून ताटाच्या कडेनं एक रेघ ओढली. “मी जेवले की आई-बाबा भांडतात. आई म्हणते एवढं नको, बाबा म्हणतात खाऊ दे. उपास असला की कुणी भांडत नाही.” जरा वेळानं ती म्हणाली, “तुम्ही जेवत नाही तेव्हा सगळे तुमच्या पाया पडतात, आजी. मी जेवते तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात.”

लतिकाबाईंनी आपले पाय पदराखाली ओढून घेतले. वरणावर साय धरली. मग त्यांनी ताट उचललं आणि ओट्यावर झाकून ठेवलं. गेल्या तीन महिन्यांत यशश्रीसाठी त्यांनी मनात जी जी विशेषणं जमवली होती ती सगळी त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या असताना एकेक करून परत आली, आणि या वेळी त्यांच्याच अंगाला चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गंगेवरून आले. त्यांच्या पानात पोळी वाढताना त्या म्हणाल्या, “मला गुरुवारचं उद्यापन करायचंय.”

“इराचं ना? करू की.”

“इराचं आणि माझं.”

गुरुजींचा हात आमटीच्या वाटीवर थांबला. त्यांनी आयुष्यभर लोकांना व्रतं दिली होती, सोडवली होती, चुकलेल्यांना प्रायश्चित्तं सांगितली होती. बायकोच्या या एका व्रताबद्दल मात्र त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या बाकावर ते तिच्या शेजारीच बसलेले होते.

“जन्मभर म्हणाली होतीस,” ते म्हणाले.

“हो.”

“आल्हादसाठी.”

“हो.”

दोघांनीही भिंतीकडे पाहिलं नाही, जिथे आल्हादचा मुंजीतला फोटो होता. लतिकाबाई पुढची पोळी लाटू लागल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी उगाचच मुलाला फोन केला होता. तब्येत कशी आहे, गाडी हळू चालव, असं बोलून ठेवून दिला होता. तो वैतागला होता.

गुरुजींनी आमटीचा घोट घेतला. “संकल्प मी सांगितला नव्हता तेव्हा,” ते म्हणाले. “तू तुझ्या मनानं बोलली होतीस. ऐकणाऱ्यानं मुलगा दिला, तो हेही ऐकेल.” मग पंचांगाकडे हात न नेताच ते म्हणाले, “येता गुरुवार चांगला आहे.”

उद्यापनाला पुरण घालावं लागतं, हे त्यांनी आठवण करून दिलं. लतिकाबाई नाही म्हणाल्या. त्यांनी रोजचाच स्वयंपाक केला: वरण, भात, पोळी, बटाट्याच्या काचऱ्या, लिंबू, आणि देवापुढे ठेवायला वाटीभर शिरा. भजनाच्या बायकांना बोलावलं नाही. विमलाबाईला कुठून तरी कळलं आणि तिनं फोन करून विचारलं, की ऐकलं ते खरं का, तुमच्यासारख्यांनीच असं केल्यावर आम्ही कुणाकडे बघायचं. लतिकाबाईंनी सांगितलं, कुणाकडेच बघू नका. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की विमलाबाईला दोनदा विचारावं लागलं.

गुरुवारी दुपारी गुरुजींनी दोघींच्या हातावर पाणी घातलं, दोघींची नावं घेतली. रिवाज असा की आधी कुमारिकेनं जेवायचं, ती तृप्त होऊन उठली की व्रत करणारीनं शेवटी बसायचं. लतिकाबाईंनी दोन पाट शेजारी शेजारी मांडले आणि दोन्ही ताटं एकदमच वाढली. गुरुजींनी ते पाहिलं आणि समोर आपला पाट घेऊन बसले.

इरानं पदार्थांवरून नजर फिरवली. काचऱ्यांपाशी ती थबकली.

“आधी तुम्ही,” ती म्हणाली.

लतिकाबाईंनी वरणभात कालवला. घास उचलला. एकतीस वर्षांत गुरुवारी या हातानं दुसऱ्यांना किती वाढलं असेल, पण तो स्वतःच्या तोंडाकडे वळायला तयार नव्हता. खांद्यापासून ओढून न्यावा लागला. भात कोमट होता, मीठ जरा कमी. चावून झाल्यावरही तो घशाशी थांबला. इरा त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हती, गळ्याकडे पाहत होती. न गिळता तोंडात कसं धरून ठेवायचं हे तिला ठाऊक होतं. लतिकाबाईंनी गिळला. खालच्या रस्त्यावरून घंटागाडी गेली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

त्यांनी दुसरा घास घेतला.

इरानं पोळीचा तुकडा मोडला. तो काचरीला लावला, तोंडात घातला आणि हळूहळू चावू लागली. लतिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. चार वर्षं त्यांनी या ताटात न विचारता तूप ओतलं होतं, अजून एक घे म्हणून गळ घातली होती. आता तुपाचं भांडं दोघींच्या मध्ये ठेवलेलं होतं आणि त्यांचा डावा हात दोनदा तिकडे जाऊन परत आला. गुरुजी गंगेवरच्या एका माणसाची गोष्ट सांगू लागले, जो गोत्र विचारलं तर मोबाइल नंबर सांगत होता. इरा फसकन हसली आणि तिच्या तोंडातला कण उडाला. पोळी अर्धी संपली होती. वरणाला तिनं अजून हात लावला नव्हता.

दार लोटलेलंच होतं. यशश्री अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. तिनं चपला काढल्या, आत आली आणि त्या दोघींना शेजारी शेजारी जेवताना पाहून भिंतीशी उभी राहिली. लतिकाबाईंच्या ताटातला भात तिला दिसला. वार कोणता हे तिला माहीत होतं.

“बस,” लतिकाबाई म्हणाल्या. “पान वाढते.”

“नको काकू, माझं झालंय. मी दुपारी एवढं…” यशश्री सवयीनं म्हणाली, पर्स खांद्यावरून खाली न घेता.

इराचा हात थांबला. तुकडा बोटांतच राहिला. ती आईकडे पाहत नव्हती, ताटाच्या कडेकडे पाहत होती, पण चावणं थांबलं होतं. गुरुजींचीही गोष्ट अर्धी राहिली.

या बाईला ऐकवण्यासारखं लतिकाबाईंकडे एके काळी पुष्कळ होतं. त्यांनी पुढचा घास कालवला. यशश्रीनं लेकीच्या बोटांकडे पाहिलं. मग पर्स खाली ठेवली, साडीच्या निऱ्या सावरल्या आणि फरशीवरच, पाटाची वाट न पाहता, इराच्या दुसऱ्या बाजूला बसली.

“भूक लागलीय मला,” ती म्हणाली. ते म्हणायला तिला जड गेलं.

इरानं आईकडे पाहिलं. पटकन आपली भाताची वाटी उचलली आणि आईपुढे सरकवली. “हे घे. माझ्यातलं घे.”

यशश्रीचा हात वाटीकडे गेला. लतिकाबाईंनी तो मध्येच धरला आणि वाटी पुन्हा इराच्या ताटात ठेवली.

“तुझं तू खा,” त्या म्हणाल्या आणि पाटावरून उठल्या. “तिला मी वाढते.”